‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : भाषेचा नियम कोणत्या फोल्डरमध्ये?

नाशिकमधल्या एका शाळेत शिक्षकांसाठी मी अधूनमधून संगणकाचे वर्ग घेतो. पाचवीला शिकवणाऱ्या एका बाईंना मुलांसाठी खेळ करायचा होता. पडद्यावर शब्द यावा, मुलांनी त्यातली अक्षरे मोजावीत आणि उत्तर संगणकाने तपासावे. पायथन भाषेत शब्दाची लांबी सांगणारी तयार आज्ञा आहे. बाईंनी ‘नाशिक’ हा शब्द दिला, उत्तर आले ५. ‘त्र्यंबकेश्वर’ दिला, उत्तर आले १३. मुले म्हणतील अनुक्रमे ३ आणि ५, आणि मुलेच बरोबर असतील.

संगणक इथे अक्षरे मोजतच नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्त चिन्हाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि संगणक हे क्रमांक मोजतो. ‘त्र्यं’ या एकाच अक्षरात त, हलन्त, र, हलन्त, य आणि अनुस्वार अशी सहा चिन्हे आहेत. यावर तोडगा सोपा आहे. काना-मात्रा सोडून द्यायच्या, फक्त स्वर आणि व्यंजने मोजायची, पण ज्या व्यंजनाच्या लगेच आधी हलन्त आहे ते मोजायचे नाही. ‘त्र्यंबकेश्वर’चे उत्तर बरोबर ५ येते. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे दहा ओळींत लिहिता येईल. जरूर करवून घ्या.

ही दहा ओळींची आज्ञावली अडली ती ‘दऱ्या’ या शब्दावर. एकदा उत्तर २ आले, एकदा ३. पडद्यावर दोन्ही वेळा शब्द अगदी सारखाच दिसत होता. कारण असे, की हा अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो. एक, ऱ हे नुक्त्याचे अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे न दिसणारे चिन्ह. युनिकोड पहिला प्रकार धरते; दुसरा १९९६च्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे. न दिसणारे चिन्ह हलन्त आणि य यांच्या मध्ये आल्याने आमचा नियम फसला.

अशा अडचणी आपल्या आधी अनेकांना आलेल्या असतात, आणि त्यांची उत्तरे मुक्त स्रोताच्या छोट्या लायब्रऱ्यांत सापडतात. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या, आपल्या आज्ञावलीत बोलावता येतील अशा आज्ञांचा संच. एरवी ती बसवायची आणि वापरायची एवढेच आपण करतो. मी मात्र तीन लायब्रऱ्या उघडून त्यांची फोल्डरे एकामागून एक पाहिली. मराठीचा नियम त्यांत नेमका कुठे लिहिला आहे, हे मला हवे होते.

पहिली ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’. अनुप कुंचुकुट्टन यांनी मुंबईच्या आयआयटीत संशोधन करताना ती उभी केली. फायलींच्या माथ्यावर २०१३ पासूनचा हक्क नोंदवलेला आहे. परवाना एमआयटी पद्धतीचा, म्हणजे कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी. मुख्य फोल्डरमध्ये कामानुसार खण पाडलेले आहेत : शब्द तोडणे, लेखन एकसारखे करणे, अक्षरे पाडणे, लिप्यंतर. खणाच्या नावावरूनच कुठे पाहायचे ते कळते. भाषांची आधारसामग्री मात्र वेगळ्या भांडारात ठेवली आहे. ती निराळी उतरवून तिचा पत्ता लायब्ररीला सांगावा लागतो. नवखा माणूस इथे हमखास अडखळतो.

लेखन एकसारखे करण्याच्या खणातली फाइल मी ओळीने वाचली. मी पाहिलेल्या प्रतीत शून्य रुंदीचा जोडक सरसकट काढून टाकला जातो. म्हणजे दुसऱ्या प्रकाराने टाइप केलेल्या ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातली खिंड समुद्रात जाते! पहिल्या प्रकाराचा ऱ वाचतो, कारण तो र आणि नुक्ता असा फोडून ठेवला जातो. नुक्ते काढण्याची एक वेगळी सोय आहे, ती सुरू केली तर तोही बुडतो. पुढे ‘मराठीसाठी’ अशी टीप असलेली एक ओळ आहे. ती ॲ काढून ए ठेवते, म्हणून ‘ॲसिड’चे ‘एसिड’ होते. आणखी एक ओळ देवनागरी अक्षराला चिकटून आलेल्या अपूर्ण विरामाचा विसर्ग करते. ‘पत्ता:’ असे लिहिले, की विसर्ग आलाच.

यात निष्काळजीपणा आहे असे मी म्हणणार नाही. भारतातल्या अनेक भाषांतला प्रचंड मजकूर यंत्राने भाषांतरित करायचा असेल, तर एकाच शब्दाची दहा रूपे एकत्र आणावीच लागतात, आणि बहुतेक भाषांत त्या न दिसणाऱ्या चिन्हाने अर्थ बदलत नाही. मराठीत ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत स्वयंपाकी आणि गुरुजी एवढे अंतर पडते. नियम आज्ञेच्या रूपात असल्याने तो मला वाचता आला, कोणत्या ओळीत आहे ते दाखवता आले. पण त्यासाठी पायथन यावे लागते. पाचवीच्या बाईंना ते येत नव्हते, मराठी मात्र माझ्यापेक्षा चांगले येते.

दुसरी ‘इंडिक ट्रान्सलिटरेशन’. एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत नेणे हे तिचे काम. इथली मांडणी मला मनापासून आवडली. आज्ञावली थोडी, आणि प्रत्येक लिपीची सारणी वेगळ्या साध्या फाइलीत : या चिन्हाला ते चिन्ह. जावास्क्रिप्टमधली भावंड-लायब्ररीही याच सारण्या वापरू शकते. पायथनचा गंधही नसलेला संस्कृतचा अभ्यासक सारणी उघडून चूक दाखवू शकतो. मर्यादाही उघड आहे. सारणीत ‘याला ते’ एवढेच सांगता येते; ‘हलन्तानंतर आले तर मोजू नको’ असा अटीचा नियम शेवटी आज्ञेतच लिहावा लागतो.

तिसरी पुण्याची. एलथ्रीक्यूब या गटाने २०२३ मध्ये मांडलेली ‘महाएनएलपी’ ही खास मराठीसाठी आहे. वाक्याचा सूर ओळखणे, विशेषनामे शोधणे, गाळलेली जागा भरणे अशी कामे ती करते, आणि फोल्डरे त्या त्या कामाच्या नावाची. उघडून पाहिले तर आत फारसे काही नाही! खरे काम ‘महाबर्ट’सारखी प्रारूपे करतात, आणि ती शेकडो मेगाबाइटची प्रारूपे इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागतात. तिथे नियमाची ओळ नसते, कोट्यवधी आकडे असतात. सूर ओळखण्यासाठी या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट माणसांकडून तपासून घेतली होती. एखादा सूर चुकीचा ओळखला गेला, तर बोट ठेवायला ओळ सापडत नाही. नवी उदाहरणे गोळा करून प्रारूपाला पुन्हा शिकवावे लागते. मोठ्या कामांना दुसरा मार्ग नाही हे खरे. पण अक्षरे मोजायला ही तोफ कशाला?

आमच्या खेळाची मांडणी यावरून ठरली. फोल्डरमध्ये तीन फायली आहेत. पहिलीत मोजण्याची आज्ञावली. न दिसणारा जोडक आला तर आधी त्या र-चा ऱ करायचा आणि मगच मोजायचे, ही ओळ तिच्यात घातली. दुसरीत शब्दांची यादी. ती साध्या मजकुराची आहे आणि बाई ती स्वतः वाढवतात. तिसरी चाचणीची, आणि तिच्यावरच आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. तिच्यात शब्द आणि अपेक्षित उत्तर अशा जोड्या आहेत. आज्ञावलीत काहीही बदलले, की आधी ही फाइल चालवायची. एकही उत्तर फिरले तर बदल मागे घ्यायचा. ‘दऱ्या’ दोन्ही प्रकारांनी टाइप केलेला, त्याखाली ‘दर्या’, मग ‘बॅट’ आणि ‘बेट’. जोड्या बाईंनी निवडल्या, मी फक्त टाइप केल्या. परवा सातवीच्या एका मुलाने ‘तऱ्हा’ आणि ‘वऱ्हाड’ फोनवरून टाइप करून आणले. दोन्ही २ आणि ३ असे बरोबर मोजले गेले, आणि त्याच्या हट्टाखातर दोन्ही शब्द चाचणीच्या फाइलीत गेले.