कानातलं पाणी आणि एमआरआयची चिठ्ठी

मोबाइल उजव्या कानाला लावला की आवाज येतो, पण शब्द उमजत नाहीत. डाव्याला लावला की सगळं स्वच्छ. ही तक्रार घेऊन परभणीत डॉक्टरांकडे पोचणारा माणूस बहुधा आधी मळ काढून आणि कोमट तेल टाकून दमलेला असतो. बहुतेकांचं कारण साधंच निघतं. पण ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, दोन कानांच्या आलेखांत ठळक तफावत आली, त्यात एकाच कानात सतत सूं-सूं असेल, तर एमआरआयची टाळाटाळ नको. तोल सांभाळणाऱ्या नसेवर वाढणारी अकूस्टिक न्यूरोमा ही गाठ अशीच सुरू होते.

ती कर्करोगाची नसते. पाश्चात्त्य देशांत दरसाल लाखामागे एक-दोघांत सापडते. 2011च्या जनगणनेत परभणी जिल्हा 18 लाख 36 हजारांचा. त्या हिशेबाने वर्षाला अठरा ते छत्तीस रुग्ण निघायला हवेत.

खरी गोम एमआरआयच्या चिठ्ठीत आहे. नुसतं ‘ब्रेन एमआरआय’ लिहिलं तर छेद साधारण 5 मिलिमीटर जाडीचे पडतात आणि ही नस जिथून जाते त्या सेंटिमीटरभर आतल्या कर्णनलिकेतली 3 मिलिमीटरची गाठ खुशाल निसटते. आंतरकर्णाचे मिलिमीटरहून पातळ छेद मागून घ्यावे लागतात.

सीटी स्कॅनमध्ये हाड उठून दिसतं, या पातळ छेदांच्या एमआरआयमध्ये पाणी. शंखाकृती कॉक्लियातला द्रव पांढराशुभ्र उमटतो. नलिका आडवी छेदून पाहिली तर पांढऱ्यात चार काळे ठिपके: चेहऱ्याची नस, ऐकण्याची नस आणि तोलाच्या दोन. गाठ वाढली की ठिपके हरवतात, काळपट गोळा उरतो. शिरेतून गॅडोलिनियम दिलं की तो लख्ख उजळतो. किडनीचा त्रास असेल तर आधी क्रिएटिनिन बघतात.

गंमत म्हणजे गाठ नलिकेतच असली तरी कॉक्लियातलं पाणीही बदलतं. त्यात प्रथिनं वाढतात, आणि ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रात ती बाजू दुसरीपेक्षा उजळ दिसते. नलिकेच्या टोकाला गाठीपलीकडे थोडं पाणी शिल्लक असेल, तर शस्त्रक्रियेत ऐकू येणं वाचवण्याची आशा जरा जास्त.

निदान झालं म्हणून लगेच रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायलाच हवी असं नाही. कित्येक छोट्या गाठी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय काढून मापं ताडून पाहतात. वाढ दिसली तर गॅमा नाइफचे किरण किंवा शस्त्रक्रिया. ताडून पाहायला जुनी चित्रं लागतात, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही. तेव्हा सेंटरवरून निघताना सीडी मागून घ्या.