प्रकाशविज्ञानाचे नवे अभ्यासक आणि विजयदुर्गचा धडा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटन नदीच्या मुखाशी विजयदुर्गचा किल्ला उभा आहे. आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत मालवणच्या सिंधुदुर्गाबरोबर विजयदुर्गाचाही समावेश आहे. या किल्ल्याला आणखी एक ओळख आहे. किल्ल्यावरील काही चौथऱ्यांना गावकरी ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. सूर्यग्रहणाच्या वेळी परदेशी शास्त्रज्ञांनी येथे दुर्बिणी मांडल्या, ही आठवण त्या नावात टिकून राहिली आहे. येथे १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा केला जातो.

प्रकाशविज्ञानात नव्याने काम करू लागलेल्या तरुणांना एकत्र आणावे, त्यांच्या हाती उपकरणे द्यावीत व अनुभवी संशोधकांशी त्यांची गाठ घालून द्यावी, हा विचार आज जगभर मान्य झाला आहे. त्याचे महत्त्व समजून घेण्यासाठी कोकणच्या शिक्षकाला वा पंचायत सदस्याला फार दूर जावयास नको. विजयदुर्गचा इतिहासच त्याला पुरेसा आहे.

ओट्यांची हकीकत

हेलियमचा शोध सर नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्ष हकीकत थोडी निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांचा वेध घेतला. वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा सोडियमची नाही, हे ध्यानात आल्यावर तिच्या मागे असलेल्या अज्ञात मूलद्रव्याला ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते १८९५ साली सापडले.

लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीन वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे विजयदुर्गाचा मान खोटा नाही. फक्त सन वेगळा आहे आणि मानाचे कारणही वेगळे आहे. ते कारण नवशिक्यांच्या शिक्षणाचे आहे.

दोन मिनिटांसाठी तालीम

ग्रहणाची खग्रास अवस्था विजयदुर्गास सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. एवढ्या वेळात अनेक कॅमेरे चालवावयाचे, काचा बदलावयाच्या, प्रभामंडलाची रेखाटने करावयाची, तारे टिपावयाचे व तापमान नोंदवावयाचे होते. शास्त्रज्ञ मोजकेच होते. तेव्हा लॉकियर यांनी ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशांचे साह्य घेतले. त्यांपैकी बहुतेकांचा विज्ञानाशी पूर्वी संबंध आलेला नव्हता. त्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक काम नेमून दिले गेले आणि ग्रहणापूर्वी त्या कामांच्या तालमी घेण्यात आल्या. या मोहिमेचा अहवाल पुढे रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यावर लॉकियर यांच्याबरोबर नौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर यांचीही नावे आहेत.

हीच पद्धत लॉकियर यांनी १८९६ साली नॉर्वेच्या किनाऱ्यावर ‘व्होलेज’ या नौकेवरील लोकांना घेऊन अवलंबिली होती. तेथे ऐन वेळी ढगांनी घात केला. पण तालमीचा अनुभव वाया गेला नाही. तोच विजयदुर्गास उपयोगी पडला. योग्य रीतीने शिकविले, काम वाटून दिले आणि जाणकार शेजारी उभा असला, तर नवखा मनुष्यही सूक्ष्म वेध घेऊ शकतो, हा या शिबिराचा पहिला धडा होय.

पुण्याची वेधशाळा

दुसरा धडा त्याच ग्रहणाच्या दुसऱ्या तळावरून मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपली स्वतंत्र मोहीम नेली होती. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून व सरकारी साह्यातून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. तारे व सूर्य यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करणे हे तिचे मुख्य कार्य होते. तिच्यातील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात नावाजलेली होती. जेऊरच्या वेधांचा नायगमवाला यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

पुढे १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला रवाना झाली. एका कर्त्या पुरुषाभोवती उभी राहिलेली विद्या त्याच्याबरोबरच त्या गावातून निघून गेली. उपकरणे हलविता येतात. पण ती चालविणाऱ्या माणसांची परंपरा एकदा तुटली की ती नव्याने घडवावी लागते आणि त्यास पिढ्या लागतात. पुण्यात विद्यापीठांच्या अध्यापकांसाठी खगोलविज्ञानाचे आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजे ‘आयुका’, स्थापन झाले ते १९८८ साली. डॉ. जयंत नारळीकर हे त्याचे संस्थापक संचालक होते. लहान गावांतील महाविद्यालयांच्या अध्यापकांनी ठरावीक काळ येथे येऊन काम करावे, कार्यशाळांत भाग घ्यावा आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना तयार करावे, ही या केंद्राच्या कार्याची मुख्य दिशा ठरली. पुण्यात पूर्वी जी उणीव राहिली होती, तीच या रचनेने भरून काढली असे म्हणता येईल.

फोटॉनिक्स म्हणजे काय?

प्रकाश हा ‘फोटॉन’ नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपानेही वागतो. हे कण निर्माण करणे, हवे तिकडे वळविणे, त्यांच्यावर संदेश लादणे व ते मोजणे यांचे शास्त्र आणि तंत्र म्हणजे फोटॉनिक्स. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत मेमन यांनी पहिला लेसर चालविला. तोच दिवस २०१८ पासून आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन म्हणून पाळला जातो. दूरध्वनीचे संदेश वाहून नेणारे काचतंतू, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतील लेसर, बाजारातील पट्टीसंकेत वाचणारे यंत्र, रस्त्यावरील एलईडी दिवे ही सर्व या शास्त्राचीच अपत्ये होत.

या विषयातील पुष्कळसे ज्ञान पुस्तकात मावत नाही. लेसरचे किरण आरशांच्या मालिकेतून अचूक कसे न्यावे, केसाएवढ्या काचतंतूचे टोक कसे कापावे व जोडावे, भिंगावरील धूळ ओरखडा न पाडता कशी काढावी, डोळ्यांचे रक्षण कसे करावे, या गोष्टी जाणकाराच्या शेजारी उभे राहूनच शिकाव्या लागतात. सुताराच्या वा होडी बांधणाऱ्याच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाचे जसे असते, तसेच येथेही आहे.

एकत्र येण्याने काय साधते?

संशोधनाची पहिली पाच-सात वर्षे फार कसोटीची असतात. मोठ्या संस्थेतील तरुणाला शेजारच्या खोलीतच सल्लागार मिळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापन करीत पीएच.डी. करणाऱ्या तरुणाची वा तरुणीची स्थिती निराळी असते. उपकरण बिघडले तर कोणाला विचारावे, आपला प्रश्न पूर्वीच कोणी सोडविला आहे काय, निबंध कोठे पाठवावा, पुढील शिष्यवृत्ती कोणती, हे सांगणारा जवळ कोणी नसतो. यामुळे बुद्धी असूनही अनेकांचे काम मध्येच थांबते. ही हानी त्या व्यक्तीची असते, तशीच ती त्या प्रदेशाचीही असते.

नव्या संशोधकांसाठी भरविले जाणारे प्रशिक्षणवर्ग व मेळावे ही उणीव दूर करतात. चांगल्या वर्गाची रचना साधारणपणे अशी असते: मुदत एक ते दोन आठवडे, सकाळी व्याख्याने, दुपारी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम, सहभागींची संख्या मर्यादित. प्रत्येकाने आपले काम भित्तिपत्रकावर मांडावयाचे आणि त्याजवळ उभे राहून येणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. ज्येष्ठांनी व नवोदितांनी एकाच पंक्तीला जेवावयाचे, हेही या रचनेचेच अंग आहे. व्यासपीठावर जो प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, तो जेवताना सहज विचारला जातो. वर्ग संपल्यावर हाती उरतात त्या ओळखी. पुढे एखादा भाग उसना मिळणे, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत चार दिवस मोजमाप करता येणे, दोघांनी मिळून निबंध लिहिणे, हे सारे त्या ओळखींतून घडते.

देशातील व बाहेरील सोयी

इंदूर येथे १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. डॉ. दि. दे. भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक होते. लेसर संशोधनात या केंद्राने देशात अग्रस्थान मिळविले आहे. भारतीय लेसर संघटनेतर्फे राष्ट्रीय लेसर परिसंवाद वेगवेगळ्या शहरांत भरविला जातो. त्याच्या आधी विद्यार्थ्यांसाठी लहान अभ्यासवर्ग ठेवण्याची प्रथा आहे. कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात १९९५ साली फोटॉनिक्सची स्वतंत्र शाळा सुरू झाली. विशेष म्हणजे तीही अरबी समुद्राच्या काठीच आहे.

बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनी मिळून महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी उजळणीवर्ग, दोन-तीन दिवसांच्या व्याख्यान-कार्यशाळा व उन्हाळी शिष्यवृत्त्या चालविल्या आहेत. यांतील व्याख्यान-कार्यशाळा लहान गावांतील महाविद्यालयांनाही आपल्याकडे भरविता येतात, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. इटलीतील ट्रिएस्ट येथे अब्दुस सलाम यांनी १९६४ साली स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय केंद्रात हिवाळ्यात प्रकाशिकीचा वर्ग भरतो. विकसनशील देशांतील तरुण संशोधकांना संधी मिळावी, हा त्या केंद्राचा मूळ हेतूच आहे.

किनाऱ्याची गरज

मालवणच्या किनाऱ्याचा प्रकाशविज्ञानाशी संबंध केवळ इतिहासापुरता नाही. हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासेमारांना मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना दिली जाते. ती उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावर आणि पाण्याच्या रंगावर आधारलेली असते. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती वाढल्या की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, हे तिचे मर्म. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांचे जीवन पाण्यात किती प्रकाश पोहोचतो यावर अवलंबून असते. तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा-हिरवा खोलवर जातो. एलईडी दिव्यांच्या साह्याने मासेमारी करण्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तो प्रश्न पारंपरिक रापणकारांच्या पोटापाण्याचा आहे, आणि त्याच्या मुळाशीही समुद्रातील प्रकाश व माशांचे वर्तन हेच आहे. या प्रश्नांवर काम करणारे तरुण याच किनाऱ्यावरून पुढे यावयास हवेत. शेजारच्या गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कार्यरत असल्याने मार्गदर्शनही फार दूर नाही.

काय करता येईल?

शाळेपासून आरंभ करता येतो. जुन्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका मिलिमीटरात सुमारे ६२५ रेषा असतात. तिचा तुकडा व पुठ्ठ्याची बंद पेटी, तीत एक बारीक फट, एवढ्यावर साधा वर्णपटदर्शक तयार होतो. त्यातून ट्यूबलाइट व एलईडी यांच्या प्रकाशातील फरक मुलांना स्पष्ट दिसतो. मात्र सूर्याकडे त्यातून थेट पाहू नये, ही ताकीद शिक्षकांनी आधी द्यावी.

महाविद्यालयांनी दरवर्षी निदान एका तरुण अध्यापकास अशा वर्गास पाठवावे, त्याच्या तासांची सोय लावावी आणि परत आल्यावर त्याने सहकाऱ्यांपुढे बोलावे असा परिपाठ ठेवावा. महिला अध्यापकांना राहण्याच्या सोयीची माहिती आधी मिळाल्यास त्यांचा सहभाग वाढेल. प्रवासखर्चाची मंजुरी वेळेवर देणे ही कार्यालयीन बाब वाटते. पण ती उशिरा मिळाल्याने एखाद्याची वर्षाची संधी हुकते, हे संबंधित अधिकाऱ्यांनी जाणावे.

विजयदुर्गाबाबतही विचार करता येण्यासारखा आहे. १८ ऑगस्ट हा दिवस ऐन पावसाळ्यात येतो. व्याख्यानांना तो ठीक, पण आकाशाच्या वेधांना नाही. १८९८ चे शिबिर भरले ते निरभ्र जानेवारीत. तेव्हा २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एखाद्या मोठ्या संस्थेच्या साह्याने तेथे आठवड्याचा प्रकाशवर्ग भरविला, तर तो उचित होईल. ग्रामपंचायतीने निवाऱ्याची व भोजनाची व्यवस्था पाहावी, माध्यमिक शाळेने एक खोली द्यावी, आणि किल्ला संरक्षित वास्तू असल्याने पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी. गावातील मुलांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी.

सव्वाशे वर्षांपूर्वी या किल्ल्यावर खलाशांनी दोन मिनिटांच्या कामासाठी पुन्हा पुन्हा तालीम केली. काम संपताच नौका निघून गेली आणि ओटे तेवढे मागे राहिले. आता जे शिबिर भरेल, त्यातून शिकलेली माणसे याच किनाऱ्यावर राहावीत आणि त्यांनी पुढच्यांना शिकवावे, एवढी दक्षता घेतली तर त्या ओट्यांचे चीज झाले असे म्हणता येईल.