घोरणे आणि खालचा जबडा

घोरणारा मनुष्य गाढ झोपला आहे, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. कुंभकर्णाचे नाव घेऊन आपण त्याची थट्टा करतो. आणि रात्रपाळी करून आलेला मनुष्य घोरू लागला, तर 'बिचारा दमला आहे' म्हणून दार हळूच लोटून घेतो. ह्या समजुतीत सहानुभूती पुष्कळ आहे, परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती बव्हंशी उलटी आहे. घोरणे म्हणजे श्वासाची वाट अरुंद झाल्याचा आवाज होय. कित्येकदा तो आवाज मध्येच थांबतो, आणि काही वेळाने गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू होतो. काळजी करावयाची ती आवाजाची नव्हे, त्या मधल्या शांततेची.

त्या शांततेत काय घडते ते पाहू. जिभेमागचा घशाचा भाग ही स्नायूंची मऊ नळी आहे. तिला हाडांचा भक्कम आधार नाही. जागेपणी स्नायू तिला उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, आणि उताण्या निजलेल्या माणसाची जीभ मागे ढळून वाट बंद होते. छातीचा भाता चालूच असतो, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो आणि वाट मोकळी होते. सकाळी ह्यातले त्याला काहीही आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ अडला किंवा फारच उथळ झाला, की वैद्यक त्याचा एक खंड धरते. तासाला ५ ते १५ खंड म्हणजे सौम्य विकार, १५ ते ३० म्हणजे मध्यम, आणि त्यापुढे तीव्र. तीव्र विकाराचा रोगी सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा असा अडतो! मग दिवसा पेंग आली, सकाळी डोके जड झाले, रक्तदाब वाढू लागला, तर नवल कसले? ह्यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात.

हा केवळ सुखवस्तू, स्थूल लोकांचा रोग आहे, असे कोणी म्हणेल. स्थूलपणाने तो वाढतो हे खरे. परंतु लहान जबड्याच्या सडपातळ माणसासही तो होतो. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. तीत शेकडा १९.५ पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता, आणि दिवसाच्या पेंगेसह पुरता विकार शेकडा ७.५ जणांना होता.

भिवंडीत हा विकार लपून राहण्यास जागा फार. येथे यंत्रमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि गोदामांतून रात्री-अपरात्री मालमोटारी निघतात. पेंगणाऱ्याकडे पाहून 'पाळीचा शीण' असे म्हटले की विषय संपतो. शीण असतोच, पण पुरेसे झोपूनही जो पेंगतो त्याची गोष्ट निराळी. चालत्या मागापाशी किंवा नाशिक रस्त्यावर स्टिअरिंगमागे एक डुलकी किती महाग पडेल, हे आम्ही सांगावयास नको. शिवाय ह्या रोगाचा साक्षीदार रोगी स्वतः नसतो, शेजारी निजणारा असतो. आणि येथील कित्येक कामगारांचे कुटुंब तर दूर गावी. खोलीतल्या सोबत्याने श्वास थांबताना पाहिला असेल, तर त्यालाच डॉक्टरकडे बरोबर न्यावे.

आता उपाय. मूर्च्छित माणसाचा श्वास घोगरा झाला की भूल देणारे डॉक्टर त्याचा खालचा जबडा बोटांनी पुढे ओढतात. जीभ जबड्याला बांधलेली असल्यामुळे तीही पुढे येते व घसा उघडतो. हेच काम रात्रभर करणारे साधन दंतवैद्य करून देतात. वरच्या व खालच्या दातांची मापे घेऊन दोन साचे करावयाचे, आणि खालचा जबडा किंचित पुढे राहील अशा रीतीने ते जोडावयाचे. आरंभी जबडा झेपेल तितकाच पुढे आणतात. पुढे काही आठवडे थोडा थोडा सरकवितात. जबडा लहान असलेल्या अर्भकांची जीभ मागे पडते, हे ओळखून पॅरिसच्या पिएर रोबँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ह्या दिशेने विचार केला होता. घोरण्यासाठी व श्वासावरोधासाठी मात्र अशी साधने १९८० नंतर प्रचारात आली. जबड्याऐवजी जीभच पुढे धरणारे साधन कार्टराइट व सॅमेलसन ह्यांनी १९८२ मध्ये वर्णिले.

त्याआधी एकच वर्ष, १९८१ मध्ये, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन ह्यांनी नाकावाटे दाबाने हवा देण्याचे यंत्र पुढे आणले. श्वासाचे खंड कमी करण्यात ते यंत्र सरस आहे, आणि तीव्र विकारात प्रथम तेच. पण पुष्कळांना ते रोज सोसवत नाही, व वीज गेली की ते थांबते. दातांवरचे साधन खिशात मावते आणि माणूस ते अधिक तास घालतो. म्हणून सौम्य व मध्यम विकारात, किंवा यंत्र न सोसल्यास, त्याचा आधार घेतात.

अर्थात ते सर्वांच्या तोंडात बसत नाही. पुरेसे बळकट दात हवेत. हिरड्या सुजलेल्या नकोत. आणि तोंड उघडले पाहिजे! महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी सुपारी चघळण्याची सवय गेलेली नाही, आणि तिने गालाची आतील त्वचा घट्ट होऊन ज्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत त्याचे माप घेणेच कठीण. अशा माणसाला आधी दंतरुग्णालय गाठावे लागेल, कारण ती अवस्था कर्करोगाच्या वाटेवरची असू शकते.

गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसविण्याची स्वस्त साधने बाजारात मिळतात, त्यांविषयी आमचे मत चांगले नाही. आवाज बंद होतो, घरचे खूश होतात, आणि श्वास मात्र आत अडतच राहू शकतो. म्हणून आधी निद्राचाचणी, मग दंतवैद्य, आणि साधन नीट बसल्यावर ते घालूनच पुन्हा चाचणी, हा क्रम सोडू नये. पहिले काही दिवस लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. हे सहसा ओसरते. वर्षानुवर्षे वापरल्याने दातांची ठेवण थोडी सरकते, तेव्हा अधूनमधून दंतवैद्याला दाखवीत जावे. साधन रोज सकाळी साध्या पाण्याने ब्रश लावून धुवावे. उकळते पाणी लागू देऊ नये, साचा वाकतो.