डावे कोण, उजवे कोण?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या पंगतीला आमच्या घरी मोठा खटका उडाला. कसल्याशा संपावरून थोरले बंधू अण्णा आणि माझे चिरंजीव यांची जुंपली. "काका, तुम्ही पक्के उजवे!" चिरंजीव म्हणाले. "आणि तू शिंगे फुटलेला डावा!" असे म्हणून अण्णा भरल्या पानावरून उठले. त्यानंतर बोलणे बंद, येणे-जाणे बंद. डावीकडे चटणी-कोशिंबीर नि उजवीकडे भाजी, एवढ्याच दोन बाजू ठाऊक असलेल्या आमच्या पंगतीत ही नवी वाटणी कुठून शिरली? मी पुस्तके काढून बसलो.

मौज अशी, की ही वाटणीही बसण्याच्या जागेवरूनच पडली. १७८९ च्या मे महिन्यात, खजिना रिता झाल्यामुळे, फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाने व्हर्सायला धर्मगुरू, सरदार आणि सामान्य प्रजा यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. जूनमध्ये प्रजेच्या प्रतिनिधींनी 'आम्हीच राष्ट्रसभा' असे जाहीर केले. मग प्रश्न निघाला, सभेने केलेला कायदा राजाला मोडता यावा काय? 'यावा' म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोधक डाव्या. ११ सप्टेंबरला कौल लागला तो मधला: राजाने कायदा काही काळ अडवावा, कायमचा मोडू नये. बाजूने ६७३ मते, विरुद्ध ३२५. पुढे १७९३ साली राजा गिलोटिनखाली गेला. जागा मात्र राहिल्या!

या उलथापालथीने इंग्लंडात एडमंड बर्क अस्वस्थ झाला. वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला चालवणारा हाच तो बर्क. म्हणजे जुलमाचा कैवारी खास नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्यांनी बसवलेली घडी एका रात्रीत विस्कटू नये, असे त्याने १७९० साली लिहिले. अण्णांचे मूळपुरुष हेच! त्याला टॉमस पेनने १७९१ साली 'राइट्स ऑफ मॅन' लिहून उत्तर दिले. गेलेल्या पिढीने जिवंत पिढीचे हातपाय बांधावेत हे त्याला मुळीच मान्य नव्हते. हाच ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडला आणि व्हर्सायचा वाद आमच्या पेठांपर्यंत पोचला.

पण मला खरा धक्का बसला तो पुढेच. १४ जून १७९१ रोजी त्याच राष्ट्रसभेने कामगारांच्या संघटना आणि संप बेकायदा ठरवले. ठराव मांडणारा ल शापलिए हा जॅकोबिन क्लबच्या संस्थापकांपैकी, डाव्या बाजूचा! नागरिक आणि राष्ट्र यांच्यामध्ये कोणताही गट नको, जुन्या व्यवसायसंघांचे जोखड पुन्हा नको, हा त्याचा युक्तिवाद. संप करणे फ्रान्समध्ये १८६४ पर्यंत गुन्हाच होता. मजूर डाव्या बाजूचा धनी झाला तो नंतर. मार्क्स-एंगेल्सचा जाहीरनामा निघाला १८४८ साली. आणि मुंबईत विशी नुकतीच ओलांडलेल्या श्रीपाद अमृत डांग्यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' लिहिले ते १९२१ साली.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन अण्णांकडे गेलो, चिरंजीवांनाही ओढून नेले. ल शापलिएची हकीकत ऐकून अण्णा खो खो हसले. "म्हणजे मी डावाच निघालो की रे!" चिरंजीव आधी हिरमुसले, मग त्यांनी अण्णांच्याच कपाटातला बर्क मागून घेतला. "शत्रूचा दारूगोळा पाहावा," म्हणाले.

संपाचा वाद मिटलेला नाही. या पाडव्याला दोघांची पाने शेजारी मांडायची की समोरासमोर, एवढे सौभाग्यवतींनी अजून ठरवलेले नाही.