सायबरनेटिक्स, आंतरजाल-संस्कृती आणि खानदेशातील फड पद्धती

प्रस्तावना
सायबर गुन्हे, सायबर कॅफे अशा जोडशब्दांतून ‘सायबर’ हा शब्द सर्वपरिचित झाला आहे. त्याचे मूळ सुकाणू धरणाऱ्या नाविकासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून सजीव व यंत्रे यांमधील नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्राला हे नाव दिले. प्रस्तुत लेखात या शास्त्रातील प्रत्याभरणाची संकल्पना व तिचा आंतरजाल-संस्कृतीवरील प्रभाव यांचा विचार केला आहे.

प्रत्याभरणाचे स्वरूप
कृतीचा परिणाम पाहून पुढील कृती ठरविणे म्हणजे प्रत्याभरण होय. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर कित्येक शतके चालत आलेली फड पद्धती हे त्याचे बोलके उदाहरण आहे. बंधाऱ्यावरील पाण्याचा अंदाज घेऊन कोणते फड भिजवावयाचे व त्यांत कोणते पीक घ्यावयाचे, हे लाभधारक शेतकरी एकत्र बसून ठरवीत. पाणी कमी असेल, तर भिजणारे फडही कमी. एकाच शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने टंचाईची झळ वाटली जाई. पाणी पाटकरी देत असे. नियम मात्र शेतकऱ्यांचे असत.

आंतरजालावरील प्रभाव
वीनर यांच्या वर्तुळात वावरलेल्या लिकलायडर यांनी १९६० मध्ये मानव-संगणक सहजीवनाची कल्पना मांडली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमागे त्यांची प्रेरणा होती. स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९६८ मध्ये काढलेल्या ‘होल अर्थ कॅटलॉग’मधून सायबरनेटिक्सचे विचार तरुणांपर्यंत पोहोचले. केंद्रीय सत्तेवाचून समूह स्वतःचे नियमन करील, ही आंतरजालाच्या आरंभकाळातील श्रद्धा त्यातूनच बळावली.

फेसबुकवर २००९ मध्ये ‘लाइक’ची सोय आली. ज्या मजकुराला प्रतिसाद अधिक, तो अधिकांना दाखविला जाऊ लागला. फडातील प्रत्याभरण मागणीला आवर घालणारे होते. हे प्रत्याभरण उत्तेजना वाढविणारे आहे. शिवाय त्याचे उद्दिष्ट वापरकर्ते नव्हे, तर जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्या ठरवितात. निर्णय यंत्रांवर सोपविण्यातील धोक्याचा इशारा वीनर यांनी १९५० मध्येच दिला होता.

समारोप
प्रत्याभरण स्वतः तारक नसते व मारकही नसते. सुकाणू कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि फड पद्धती क्षीण झाली. पाण्यावरील निर्णय जसजसा समूहाच्या हातून गेला, तसतसे स्वयंनियमनही मावळले. आंतरजालाविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना हा धडा विसरता येणार नाही.