शाहीर कोणाचा?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आमच्या मुलांनी रमाबाई नगरच्या गोळीबारावर पोवाडा बसवला. मुले नालासोपारा-विरारच्या चाळींतली. अनेकांचे आईबाप मुंबईतून उठून इकडे आलेले. 'वातावरण बिघडेल' या सबबीवर पोवाडा यादीतून गेला आणि त्या जागी लावणी आली. त्या बैठकीत मी होतो. पुरेसे बोललो नाही, हे कबूल करतो. एका मुलाने विचारले, "सर, गाण्याला एवढे घाबरतात का?"

उत्तर जलशाच्या घडणीत आहे. तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी, वग असा. सत्यशोधकांनी हा साचा प्रबोधनासाठी वापरला; पुढे १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसा उभा केला. गणातला गणपती गेला, गवळणीतली कृष्णलीला गेली, चळवळीचा विचार आला. ढोलकी मात्र राहिली. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यापर्यंत सत्याग्रहाचा अर्थ त्या ढोलकीने नेला. जो विचार छापखान्यावाचून वस्तीत पोचतो, तो अडवायला कठीण. भीती त्याची आहे. प्रस्थापित समीक्षेने याला प्रचार म्हटले. म्हणेना का!

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसे मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. डोक्याला निळे कापड बांधलेले होते. वर्षानुवर्षे ते डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायले, आणि त्याच चळवळीने त्यांना दूर केले होते. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट तिथून सुरू झाला आणि घडायला चौदा वर्षे लागली.

या मृत्यूला हौतात्म्य म्हणणे मला पटत नाही. तसे म्हटले की आपण सुटतो. सभेआधी गर्दी जमवायला आपण शाहिराला बोलावतो आणि नेते आले की माईक काढून घेतो. वर्ग की जात, हा वाद व्यासपीठावर रंगतो. त्याचे घाव शाहीर झेलतो. बांधिलकी त्याच्याकडून मागितली, त्याच्या घरच्या भाकरीची बांधिलकी कोणी घेतली?

यंदा मुलांनी पोवाडा पुन्हा घेतला आहे. तालीम चाळीच्या गच्चीवर चालते. ढोलकीवाल्या काकांचे मानधन आम्ही तिघा शिक्षकांनी वर्गणी काढून आधीच दिले. संमेलनाच्या यादीत पोवाड्याचे नाव अजून लागलेले नाही.