टिटवं कुणी धरायचं?
नोव्हेंबर १८९०, पुणे. जोतीराव फुल्यांची अंत्ययात्रा निघताना पुतण्या आडवा आला: टिटवं (प्रेतापुढे धरायचं मडकं) दत्तक पोरानं धरायचं नाही! शेवटी सावित्रीबाईंनीच ते उचललं आणि पुढे चालू लागल्या.

ते पोर म्हणजे यशवंत. १८७४ साली काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला. म्हणून लग्नाला मुलगी द्यायलाही लोक कचरत. जोतीरावांमागे घरात पैशाची ओढाताणच. तरी गडी डॉक्टर झाला, लष्करात नोकरीला लागला.

१८९७च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याला बोलावलं. हडपसरला ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या पोराला तर त्यांनी पाठीवरून आणलं. (वय साठीच्या पुढे!) पोरगा वाचला. १० मार्चला त्या प्लेगनंच गेल्या. मुलगा डॉक्टर, पण प्लेगवर तेव्हा हमखास औषधच नव्हतं.